जहाजावरचा एकादशीचा प्रसाद

या, असे जवळ सरकून बसा. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर मला ओरडून बोलावं लागेल, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या धरणगावच्या कमलबाईंची गोष्ट आहे. भर समुद्रात, चालत्या जहाजात, एका खोलीत त्या अडकल्या. दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, तरी बाहेर पाऊल टाकता येईना. आणि वरच्या मजल्यावर हरिकीर्तन रंगलेलं. सांगतो सगळं. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, ते तेवढं ऐकून मगच उठा.

कमलबाई म्हणजे कौतिक आबांच्या घरच्या. कापसाची शेती, गोठ्यात दोन म्हशी, आणि गावात कुठेही कीर्तन असलं की पहिल्या ओळीत या बाई बसलेल्या. टाळ हातात नसला तरी बोटं गुडघ्यावर चालायची. एकादशी त्यांनी कधी चुकवली नाही. बाळंतपणातसुद्धा धरली असं त्या सांगतात, आणि आबा लगेच म्हणतात, "मी साक्षीदार शे. तव्हय माले बी फराळच भेटे."

जळगावला योगराजभाऊ म्हणून एक गृहस्थ आहेत, ते सहली काढतात. त्यांनी एक नवंच काढलं. सोनगीरच्या हिलाल महाराजांना बरोबर घ्यायचं, चेन्नईहून जहाजात बसायचं, लंकेची बंदरं बघायची आणि रोज संध्याकाळी जहाजावरच महाराजांचं कीर्तन. धुळ्या-जळगावची चाळीसेक माणसं तयार झाली. बहुतेक साठीच्या पुढची. रोजच्या कीर्तनाला एकेका घराकडे प्रसादाचा मान ठरला. एकादशीचा मान कमलबाईंनी मागून घेतला. महाराजांच्या कीर्तनाला आपल्या हातचा प्रसाद, तोही एकादशीचा, याहून त्यांना जहाजाचं काय कौतुक?

निघायच्या आधी जळगावात एक बैठक झाली. योगराजभाऊंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. "बंदरावर उतरलात की खाण्याचं सांभाळा. वाफा येणारं गरम खा. पाणी बंद बाटलीतलं, झाकण स्वतः फोडायचं. फळ घेतलं तर अख्खं घ्या आणि स्वतः सोला. कापून ठेवलेलं, धुऊन ठेवलेलं, बर्फावर मांडलेलं, हात लावू नका. बर्फ म्हणजे पाणीच. गोठलं म्हणून ते सोवळं होत नाही."

सगळे हसले. कमलबाईंनी हात वर केला. "भाऊ, एकादशीले काय?"

"जहाजावर बटाटा उकडून देतील, अक्का. मी सांगून ठेवतो."

"आणि त्याच पातेल्यात आधी अंडं उकडलं असलं तर?"

योगराजभाऊंनी डोकं खाजवलं. आबा म्हणाले, "भाऊ, तुम्ही रावणाले समजाडशात, हिले नही."

घरी येऊन कमलबाईंनी आणि त्यांच्या सुनेनं, रूपानं, राजगिऱ्याचे लाडू वळले. एक डबा स्वतःच्या एकादशीसाठी, मोठा डबा प्रसादासाठी. सासू-सुनेचं कसं होतं म्हणाल तर एकमेकींवर कुरकुर दिवसभर आणि संध्याकाळी ताट एकीचं वाढलं की दुसरीचं शेजारी. रूपा एरवी गावात मोठ्यानं बोललेली कुणी ऐकली नव्हती.

आता गाडीत काय झालं बघा. जळगावहून चेन्नईला निघालेली गाडी वाटेत एका माळावर उभी राहिली ती हलेचना. डब्यात लहान लेकरांच्या आया होत्या, मजूर होते, कुणाकडे खायला उरलं नव्हतं. कमलबाईंनी आधी स्वतःचा डबा उघडला. तो संपला. मग मोठा उघडला. आबा म्हणाले, "वं, तो देवना शे." त्या म्हणाल्या, "हाऊ लेकरू कोणाना शे मंग?" आबाही लाडू वाटायला लागले. गाडी हलली तेव्हा दोन्ही डबे रिकामे होते, आणि कमलबाईंच्या मनाला तेव्हा फार समाधान वाटलं, असं त्यांनीच मला सांगितलं.

जहाज मोठं होतं. आत लिफ्ट, दुकानं, नाट्यगृहासारखा एक हॉल. कमलबाईंना मिळालेली खोली मात्र खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली. खिडकीच्या जागी भिंतीवर समुद्राचं चित्र टांगलेलं. आबा म्हणाले, "पाणी दिसनं म्हणजे झायं."

एकादशीच्या दिवशी सकाळी जहाज लंकेच्या एका बंदराला लागलं. कमलबाई उपाशीपोटी खाली उतरल्या. बाकीच्या बायकांकडे घरचा फराळ उरला होता, त्यांनी एकेक लाडू पुढे केला. पण प्रसादाचा मान असलेल्या बाईनं दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा? त्यांना ते बरं वाटेना. चिंता एकच, संध्याकाळी चाळीस माणसांच्या हातावर काय ठेवायचं.

धक्क्याच्या बाहेर फळांच्या गाड्या होत्या. पपई, अननस, नारळ. अख्खी फळं घ्यावीत हे त्यांना आठवत होतं. पण जहाजावर चढताना सगळ्यांच्या सुऱ्या-चाकू काढून घेतले होते, कमलबाईंची विळीसुद्धा. अख्खा अननस वर नेऊन कापायचा कशानं? जहाजाच्या मुदपाकखान्यात द्यावा तर ती सुरी काय काय कापून आलेली! तिथून कापून आलेलं फळ एकादशीला देवापुढे कसं ठेवायचं? गाडीवाली बाई कपाळाला भस्म लावलेली होती, गाडीवर देवाचा फोटो होता. कमलबाईंना वाटलं, हिच्या हातचं चालेल.

त्या बाईनं भराभर फळं सोलली, फोडी केल्या, बादलीतल्या पाण्यात बुडवून काढल्या आणि बर्फ घालून दोन मोठ्या पिशव्यांत बांधून दिल्या. वर चार फोडी कमलबाईंच्या हातावर ठेवल्या. उपासाचं पोट, डोक्यावर ऊन. त्यांनी खाल्ल्या, आणखी मागून खाल्ल्या.

बाहेरचं खाणं जहाजावर न्यायला बंदी. त्यावर आबांनी तोड काढली. हिलाल महाराजांचा मृदंग उतरताना बरोबर घेतला होता, तिथल्या देवळात भजन करायला. दोन्ही पिशव्या मृदंगाच्या खोळीत गेल्या. मृदंगवाला कुरकुरला, "आबा, शाई भिजेल." आबा म्हणाले, "देवाचंच आहे बाबा." दारावरच्या पहारेकऱ्यानं मृदंग बघून हात जोडले आणि खोळ न उघडता सोडून दिलं. आबा वर येईपर्यंत हसत होते.

दुपारी कमलबाईंच्या पोटात कळ आली.

ते वर्णन नको. संध्याकाळच्या आत त्या उभ्या राहू शकत नव्हत्या. योगराजभाऊ त्यांना जहाजाच्या दवाखान्यात घेऊन गेले. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, उलटी थांबली. मग नर्सबाईंनी त्यांना खोलीत आणून निजवलं. मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या उशाशी ठेवल्या आणि हिंदीतून नीट समजावलं, "मावशी, मी सांगेपर्यंत या खोलीच्या बाहेर यायचं नाही. दाराला कुलूप नाही, तुमच्यावर विश्वास आहे. हा आजार हातातून जातो. तुम्ही कठडा धरला आणि मागून कुणी तोच धरला, तर तोही आजारी. या जहाजावर म्हातारी माणसं खूप आहेत."

आबांचं अंथरूण योगराजभाऊंच्या खोलीत हलवलं. जाताना आबा दारातून म्हणाले, "परसादनी काळजी करू नको. मी ताटं लावस." योगराजभाऊंनी कमलबाईंच्या फोनला जहाजाचं इंटरनेट जोडून दिलं, घरी बोलता यावं म्हणून. आणि सगळे कीर्तनाला गेले.

नर्सबाई मागे राहिल्या होत्या. वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?"

"फळं. एकादशी होती."

"कापलेली? बाहेरची?"

"हो."

"त्यातली काही उरलीत? जहाजावर आणलीत का?"

कमलबाईंच्या डोळ्यांपुढे मृदंगाची खोळ आली. पिशव्या सापडल्या तर आबांना बोलतील, महाराजांचा मृदंग जप्त करतील, उद्यापासून कीर्तन बंद. त्या म्हणाल्या, "नाही. संपली."

"मग बरं झालं," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही एकट्याच आजारी पडलात. तुमच्या ग्रुपमध्ये तर बीपी-शुगरचीच माणसं आहेत. त्यातल्या एखाद्याला असं झालं असतं, तर सांभाळणं कठीण होतं." आणि त्या दार ओढून दुसऱ्या रोग्याकडे गेल्या.

दार लागल्यावर कमलबाईंनी ते वाक्य मनाशी पुन्हा म्हटलं.

दोन पिशव्या. चाळीस माणसं. हिलाल महाराज, त्यांना हृदयाचा त्रास. धुळ्याच्या त्या दोघी जावा, दोघींना इन्शुलिन. आणि कीर्तनानंतर हातावर ठेवलेला प्रसाद कोण नाकारतो? आपल्याकडे तापलेला माणूसही प्रसाद डोळ्याला लावून तोंडात टाकतो.

त्यांनी आबांना फोन लावला. आबांचा फोन खोलीतल्याच पिशवीत वाजायला लागला. कीर्तनात फोन वाजलेला महाराजांना खपत नाही, म्हणून सगळ्यांनी फोन खोल्यांतच ठेवले होते. योगराजभाऊंना लावला. फोन दुसरीकडे चालू होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग आठवलं, भाऊंच्या फोनवरूनच कीर्तन थेट धरणगावच्या विठ्ठल मंदिरात दाखवत होते. हॉलच्या स्पीकरला जोडलेला तो फोन कीर्तन संपेपर्यंत सुटणार नव्हता.

खोलीतला फोन उचलला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलली. कमलबाई हिंदीत म्हणाल्या, "परसाद मत खाने दो! ऊपर! कीर्तन में!" मुलगी म्हणाली, "रेस्ट, मॅडम, रेस्ट." आणि फोन ठेवून दिला.

मग त्या उठल्या. भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या. दार उघडलं. बाहेर लांबलचक बोळ, दोन्हीकडे सारखीच दारं, आणि भिंतीला पितळी कठडा. कठडा न धरता एक पाऊल पडणं शक्य नव्हतं. त्यांनी धरला. पुढे सरकल्या. तेवढ्यात समोरून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले, कुठले परप्रांतीय, आणि कमलबाईंकडे बघून हसत त्यांनीही तोच कठडा धरायला हात पुढे केला.

"नको! हात मत लगाओ!" कमलबाई ओरडल्या.

ते दचकून थांबले. कमलबाईंनी पदरानं कठडा पुसला, पण पदर तरी कुठे स्वच्छ होता? त्या मागे सरल्या, खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. वर जावं तर वाटेत हात लागतील तिथे आजार. खाली राहावं तर वर प्रसाद. दारापाशीच त्या जमिनीवर बसल्या. भिंतीवरच्या चित्रातला समुद्र निळाशार होता. हवा थंड, कुठूनतरी यंत्राची घरघर, आणि वर काय चाललंय त्याचा एक शब्द खाली पोचत नव्हता.

त्यांनी रूपाला फोन लावला. रूपा सासूला आत्या म्हणते.

"आत्या! कसं शे आते? पोट थांबनं का?"

"मन्हं ऱ्हाऊ दे. तू कथी शे?"

"मंदिरमा. बठ्ठा गाव बठेल शे. महाराज मोठा पडदावर दिसी राह्यनात. ऐका." रूपानं फोन पुढे धरला, आणि हिलाल महाराजांचा आवाज कमलबाईंच्या कानात आला. डोक्यावर चार मजले सोडून चाललेलं कीर्तन धरणगावला जाऊन परत त्यांच्याकडे आलं होतं.

महाराज कीर्तनात झोपणाऱ्या शेतकऱ्याचा दृष्टांत सांगत होते. कमलबाईंनी तो पुष्कळदा ऐकलेला. शेतकरी झोपेत बैलाला हाकतो, लोक हसतात, मग महाराज आवाज खाली आणतात, मग गजर, मग आरती, आणि आरती संपली की ताटं फिरतात. घड्याळ बघायची गरज नव्हती. शेतकरी आता झोपला होता.

"रूपा, ऐक वं. तो परसाद कोणीच खावाना नही. त्याच फळास्नी माले पाडं शे."

रूपानं फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"ऐकी राह्यनी का?"

"ऐकस आत्या. पण सांगू कोणाले?"

"तुमना पडदाना माइक चालू करा ना. तुमनं बोलणं तठे हॉलमा जास. आबास्ले सांग, ताटं थांबाडा."

पडद्याचा लॅपटॉप होता अमृत नानांच्या हाताशी. नाना मंदिराचे प्रमुख. गावचा गलका जहाजावर जाऊ नये म्हणून त्यांनी इकडचा माइक बंद ठेवला होता आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले होते. रूपा फोन कानाला लावून, वाकून, बायकांतून वाट काढत त्यांच्यापाशी गेली. कमलबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"नाना, माइक चालू करा ना. आत्याबाईंचं जरुरीचं आहे."

"कीर्तन चालू असताना मध्ये बोलायचं?" नानांचा आवाज दबका पण कडक. "आरती होऊ दे."

"आरतीनंतर उशीर होईल नाना. प्रसाद खराब आहे."

"काय म्हणालीस? प्रसाद खराब?"

मागून लताबाईंचा आवाज आला, त्या गावातल्या कुठल्याही बोलण्यात नसतात असं होत नाही. "काय वं रूपा! सासू समुद्रमा, आन सून डोक्यावर!"

बायका हसल्या. आणि त्याच वेळी पडद्यावरचे लोकही हसले. शेतकऱ्यानं बैलाला हाकलं होतं.

"नानांना फोन दे," कमलबाई म्हणाल्या. नानांनी फोन घेतला. "नाना, मी कमल बोलते. तो प्रसाद थांबवा."

"कमलबाई, आयुष्यभर कीर्तनं ऐकलीत. प्रसादानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

"प्रसादानं नाही हो नाना. बादलीतल्या पाण्यानं झालं."

"देवापुढे ठेवलं की पाण्याचं तीर्थ होतं. हे मी तुम्हाला सांगायचं?"

काल कुणी कमलबाईंना विचारलं असतं, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. वर महाराजांचा आवाज खाली आला होता, हळू, गोड. आता गजर.

"नाना," त्या म्हणाल्या, "तीर्थ झालं असेल. मग मी पडले कशी? मी काय पापी आहे?"

नाना घुटमळले. "तसं मी म्हटलं नाही."

"तर फोन रूपाकडे द्या."

फोन रूपाच्या हातात आला. मृदंगावर थाप पडली. गजर सुरू झाला, चाळीस टाळ एकदम.

"रूपा, आते कोणाले इचारू नको. मन्हं नाव ले आन बोल."

"आत्या, बठ्ठा गाव..."

"गावले मी पाही लेसू."

पुढे जे झालं ते मंदिरात बसलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रूपानं डोक्यावरचा पदर सावरला, नानांच्या हाताखालून हात घातला आणि माइक चालू केला. नाना "ए, ए" म्हणत राहिले. आणि जी बाई गावात कधी मोठ्यानं बोलली नव्हती, ती लॅपटॉपवर वाकून असं ओरडली की मंदिरातले पारवे उडाले.

"थांबा! परसाद खाऊ नका! आबा, ताटं थांबाडा! ती फळं खराब शेतस, आत्याले त्यास्नीच पाडं!"

जहाजाच्या हॉलमध्ये तो आवाज भिंतीभिंतीतून आला. टाळ थांबले. सगळे एकदम नाही, एक इकडे, दोन तिकडे, आणि मागचा एक म्हातारा डोळे मिटून वाजवतच राहिला, त्याला शेजाऱ्यानं हलवलं. मग शांतता. ती शांतता धरणगावच्या फोनमधून कमलबाईंना ऐकू आली.

"कोण बोललं?" हिलाल महाराज म्हणाले.

"मी रूपा. कौतिक आबांची सून. धरणगावहून."

"आणि तुझी सासू कुठे आहे, बाळ?"

"तुमच्याच जहाजमा शे महाराज. खाले."

अशातही कुणीतरी हसलं. महाराज हसले नाहीत. "त्यांना बोलता येईल का?"

रूपानं फोन लॅपटॉपला चिकटवून धरला. कमलबाईंनी सगळं सांगितलं. चाकू नव्हता म्हणून कापून घेतलेली फळं, बादली, बर्फ, मृदंगाची खोळ, आणि नर्सबाईंना बोललेलं खोटं. "मान मीच मागून घेतला होता, महाराज. माझ्या हातचा प्रसाद म्हणून. खाऊ नका."

हॉलमध्ये कुजबुज झाली. देवापुढे दाखवलेलं आहे, टाकायचं कसं, असं कुणी म्हणालं. महाराजांनी देवापुढच्या ताटांकडे बघितलं आणि उपरणं खांद्यावर नीट घेतलं.

"नैवेद्य देवाला पोचला," ते म्हणाले. "पोचवण्याचं काम कमलबाईंनी केलं. आता ताटांना कुणी हात लावू नका. योगराजभाऊ, त्या नर्सबाईंना बोलवा आणि हे त्यांच्या ताब्यात द्या. खोळीचं मी सांगतो, मृदंग माझा आहे." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आज प्रसाद म्हणून एकमेकांच्या पाया पडा आणि आपापल्या खोलीत जा. आधी हात धुवा."

"कुणी खाल्लं नाही ना अजून?" योगराजभाऊंनी विचारलं.

कोपऱ्यातून कौतिक आबांचा हात हळूच वर आला. "ताटं लावता लावता दोन फोडी... चव पाही."

"नैवेद्याआधी?" महाराज म्हणाले.

आबांनी मान खाली घातली. फोनमधून कमलबाईंचा आवाज आला, "या मानुसले मी काय करू, सांगा!" आणि मग हॉलही हसला, मंदिरही हसलं, आणि जमिनीवर बसलेल्या कमलबाईंना रडू आलं.

पहाटे आबाही आजारी पडले, त्यांना त्याच खोलीत आणून टाकलं. दोघं दोन पलंगांवर पडून राहिले. जहाजाच्या अधिकाऱ्यांनी योगराजभाऊंना खूप सुनावलं, चढता-उतरता मृदंगाची खोळ उघडून बघायला लागले, पण कीर्तन बंद केलं नाही. नर्सबाई खोटं बोलल्याबद्दल रागावल्या आणि पेज भरवूनही गेल्या. नंतरची बंदरं कमलबाईंनी पाहिली नाहीत. बरं वाटायला लागलं तरी नर्सबाईंनी सांगितलं नाही, म्हणून त्या बाहेर आल्या नाहीत. दार उघडंच होतं. चेन्नई येईपर्यंत त्या भिंतीवरच्या चित्रातला समुद्र बघत बसल्या.

बाकी कुणाला काही झालं नाही. आणि खरी गोष्ट इथे आहे, म्हणून अजून उठू नका.

काही झालं नाही, म्हणून धरणगावात कुणाला काही पटलंही नाही. लताबाई म्हणाल्या, खाल्लं असतं तरी काय होणार होतं, देवाचं होतं. अमृत नाना म्हणाले, आबा आजारी पडले ते पाण्यानं नाही, नैवेद्याआधी चव घेतली म्हणून. कमलबाईंना कुणी बोललं नाही. त्या थोरल्या, आजारातून उठलेल्या, महाराजांनी त्यांचं नाव घेतलेलं. बोलणं सगळं आलं ते रूपाकडे. भर गजरात ओरडली, नानांचा हात बाजूला सारला, कीर्तन मोडलं. आता ती मंदिरात येते, मागे खांबाजवळ बसते, आणि कुणी जागा दे म्हटलं तर दुसऱ्या खांबाकडे सरकते. कमलबाईंनी गावाला बघून घ्यायचं कबूल केलं होतं. त्या घरोघर जाऊन सांगतात. लोक चहा देतात, हो हो म्हणतात. कमलबाई परवा माझ्यापाशी बसून म्हणाल्या, "मी खोलीतून सुटले भाऊ. तिला मी तिथे बसवून आले."

तर माझं मागणं एवढंच. गजर चालू असताना, आरतीच्या तोंडावर, एखादी पोरगी उठून "थांबा" म्हणाली, तर ताट खाली ठेवा आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या. आणि कधी धरणगावला कीर्तनाला आलात, तर मागच्या खांबाकडे बघा. तिथे रूपा बसलेली असते. चाळीस माणसं घरी धडधाकट परतली ती तिच्या ओरडण्यानं. हात जोडताना तिची आठवण ठेवा.